बागमारीहून केंब्रिजला

कलकत्त्याच्या बागमारी भागातल्या एका बागेतल्या घरातून दर काही आठवड्यांनी एक लांबलचक पत्र केंब्रिजला जायचं. लिहिणारी तोरू दत्त, अठरा-एकोणीस वर्षांची. जिला लिहायची ती मेरी मार्टिन, तिथल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. पत्रात काय नसायचं? जनेत आणि जांतीय या दोन घोड्या, मांजरी, पाळलेले पक्षी, झाडाला लागलेली फळं, आजीची तब्येत, नुकतंच वाचून संपवलेलं पुस्तक. मधेच कुणाच्या तरी मरणाची बातमी. मग पुन्हा मांजरी.

इंग्रजी साहित्याचा अभ्यास केलेल्यांना तोरू दत्त हे नाव माहीत असतं, तेही बहुतेक एकाच ओळीत: एकविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली विलक्षण बुद्धीची बंगाली कवयित्री. यात चुकीचं काही नाही. पण त्या ओळीत ती मुलगी सापडत नाही. सकाळी उठून बायबल वाचणारी, वडिलांशी शब्दांवरून हुज्जत घालणारी, घराबाहेर मोकळं फिरता येत नाही म्हणून झुरणारी आणि हातातली लेखणी एक दिवसही खाली न ठेवणारी तोरू भेटते ती तिच्या पत्रांत.

तिचा जन्म ४ मार्च १८५६ चा, कलकत्त्याच्या रामबागानमधल्या दत्त घराण्यातला. आजोबा रसमय दत्त संस्कृत कॉलेजचे सचिव आणि स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश. वडील गोविंदचंद्र सरकारी नोकरीत होते, पण जीव पुस्तकांत आणि कवितेत. १८७० साली लंडनमध्ये ‘द दत्त फॅमिली अल्बम’ नावाचा कवितासंग्रह निघाला, तो गोविंदचंद्र, त्यांचे भाऊ आणि पुतण्या यांनी मिळून लिहिलेला. म्हणजे या घरात कविता करणं ही कौतुकाने सांगायची गोष्ट नव्हतीच, जेवणाखाण्याइतकी ती सवयीची होती.

१८६२ मध्ये या कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला. तोरू तेव्हा सहा वर्षांची होती. त्या काळात धर्म बदलणं म्हणजे काय होतं हे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. नवरा ख्रिस्ती झालेला, बायकोचं मन अजून उंबऱ्यावर अडलेलं, नातेवाईक अर्धे अलीकडे आणि अर्धे पलीकडे. तोरूची आई क्षेत्रमणी हिनेही आधी धर्मांतराला विरोध केला होता. पुढे तिची श्रद्धा इतकी पक्की झाली की तिने एका ख्रिस्ती धर्मपुस्तिकेचा बंगालीत अनुवाद केला. तिची आई, म्हणजे तोरूची आजी, मात्र हिंदूच राहिली. या आजीवर तोरूचा फार जीव. आजी येशूला मानत नाही याचं मनापासूनचं दुःख ती पत्रात लिहिते, आणि पुढच्याच ओळींत तिच्या मायेचं वर्णन करते. दोन्ही गोष्टी तिच्यासाठी तितक्याच खऱ्या होत्या.

आणि याच आईने, ख्रिस्ती झालेल्या क्षेत्रमणीने, मुलांना रामायण-महाभारतातल्या आणि पुराणांतल्या गोष्टी सांगितल्या. अब्जू, अरू आणि तोरू ही तीन भावंडं. अब्जू थोरला, तोरू शेंडेफळ. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत तिघं आईला चिकटून बसली आहेत, आई सीतेची कथा सांगते आहे आणि सीतेचे हाल ऐकून तिघांचेही डोळे भरून आले आहेत, असं चित्र तोरूच्या ‘सीता’ या कवितेत आहे. अब्जू १८६५ मध्ये गेला, चौदा वर्षांचा असताना. ती कविता लिहिली तेव्हा तिघांतली एकटी तोरू उरली होती. शेवटी ती विचारते, पुन्हा कधी आपण तिघं अशी आईजवळ जमणार? स्वर्गात भेट होण्यावर तिची श्रद्धा होती, म्हणून हा प्रश्न वरवरचा वाटत नाही.

अब्जूच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८६९ च्या अखेरीस, गोविंदचंद्र बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. समुद्र ओलांडणाऱ्या अगदी पहिल्या बंगाली मुलींत या दोघी होत्या. तोरू तेरा वर्षांची. फ्रान्समध्ये नीस इथे काही महिने त्या एका शाळेत गेल्या. तोरूचं शाळेत जाणं म्हणावं ते एवढंच, बाकी शिक्षण घरीच. पण त्या काही महिन्यांत फ्रेंच भाषा तिच्या अंगात जी मुरली ती कायमची. पुढे लंडनला असताना जर्मनीकडून फ्रान्सचा पराभव झाला, तेव्हा चौदा वर्षांच्या तोरूने रोजनिशीत फ्रान्ससाठी अक्षरशः शोक केला आहे, आपल्याच गावावर संकट आल्यासारखा.

१८७१ पासून केंब्रिज. स्त्रियांसाठी नुकतीच सुरू झालेली व्याख्यानं तिथे दोघी बहिणी ऐकत. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावं लागलं, म्हणजे व्याख्यान ऐकायला मिळणं हीच तेव्हा मोठी गोष्ट. इथेच मेरी मार्टिन भेटली. तिचे वडील सिडनी ससेक्स कॉलेजशी संबंधित होते. बरोबरीची, पुस्तकांची वेडी, एकाच श्रद्धेतली मैत्रीण. सोबत फिरायला जाणं, बोलत बसणं. १८७३ च्या सप्टेंबरात दत्त कुटुंब परत निघालं आणि हे सारं संपलं.

कलकत्त्याला परतलेल्या सतरा वर्षांच्या तोरूचे दिवस कसे जात? हिंदू समाजाच्या लेखी हे कुटुंब बाहेरचं झालेलं. गोऱ्या समाजात यांचं फारसं जाणंयेणं नव्हतं. भद्र घरातल्या मुलीने रस्त्याने चालत जायची सोय नाही. तिच्या वयाच्या बंगाली मुली तेव्हा दोन-दोन मुलांच्या आया झालेल्या असत, त्यामुळे लग्नाची विचारणा तिच्याही वाट्याला आलीच. मग उरलं काय? घोडागाडीतून फेरफटका, बाग, जनावरं, रविवारची उपासना आणि वडिलांच्या खोलीतली पुस्तकं. इंग्लंडमधलं मोकळं जगणं आठवून ती पत्रात हळहळते. पुन्हा तिकडे जाऊन राहायचे बेत घरात अनेकदा झाले, दरवेळी कुणाच्या तरी आजारपणात बुडाले.

बागमारी मात्र तिला मनापासून आवडे. या बागेवर तिने एक सुनीत लिहिलं आहे. त्यात चिंच आहे, आमराई आहे, ताड आहेत, लालभडक फुलांची काटेसावर आहे, बांबूंच्या मागून उगवणारा चंद्र आणि तळ्यातलं कमळ आहे. परदेशी कवितेचा साचा घेऊन तिने त्यात घरामागची झाडं लावली. या एका सुनीतासाठी मी तिचे कितीतरी अनुवाद सोडून द्यायला तयार होईन.

२३ जुलै १८७४ ला अरू गेली, क्षयानेच. वीस वर्षांची. तोरूने मेरीला हे कळवलं ते पत्र छोटं आहे. देवाने अरूला नेलं, परीक्षा कठीण आहे, पण त्याची इच्छा पूर्ण होवो, एवढाच त्याचा मथितार्थ. अठरा वर्षांच्या मुलीचं हे वाक्य आज कुणाला पाठ केल्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही. त्या घरात रोज प्रार्थना होत होती आणि त्या प्रार्थनेतले शब्दच तिला त्या दिवशी उभं राहायला मिळाले. पुढची पत्रं पाहा. अरूची आठवण कुठेही, कशावरूनही निघते, आणि श्रद्धा म्हणून ती दुःख झाकत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात लालबिहारी डे यांच्या ‘बेंगाल मॅगझिन’मध्ये तिचा पहिला लेख आला, फ्रेंच कवी लकोंत द लील याच्यावर. नंतर फ्रेंच कवितांचे इंग्रजी अनुवाद सुरू झाले. काम करायची पद्धत साधी होती. वाचायचं, आवडलं की उतरवायचं, वडिलांना वाचून दाखवायचं, एखाद्या शब्दावर अडलं की दोघांनी वाद घालायचा. वाद बहुतेक वेळा तीच जिंके असं वडिलांनी लिहून ठेवलं आहे. १८७६ मध्ये भवानीपूरच्या साप्ताहिक संबाद छापखान्यात ‘अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’ छापून झालं, फ्रेंच शेतांतून वेचलेली पेंढी. शेतातलं पीक काढून झाल्यावर मागे पडलेली कणसं वेचणारी रूथ बायबलमध्ये आहे, बायबल वाचत वाढलेल्या मुलीला हे शीर्षक दुरून आणावं लागलं नसणार. त्यातल्या आठ कविता अरूच्या आहेत. मेलेल्या बहिणीला तोरूने आपल्या पहिल्या पुस्तकात सोबत घेतलं.

पुस्तक दिसायला अगदीच सामान्य. प्रस्तावना नाही, प्रकाशक नावाजलेला नाही. लंडनच्या ‘एक्झॅमिनर’च्या कचेरीत ते ऑगस्ट १८७६ मध्ये पोचलं, तेव्हा एडमंड गॉस या समीक्षकाच्या हाती ते जवळपास रद्दी म्हणूनच आलं होतं. त्याने उघडलं, वाचलं आणि थक्क होऊन त्यावर लिहिलं. ज्या कवितेने तो सर्वांत भारावला ती अरूची निघाली.

या पत्रांतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तोरू सुरुवातीला आपल्याच लोकांना ‘नेटिव्ह’ म्हणते. कलकत्त्यातले इंग्रज म्हणत, तसंच. मेरीने तिला विचारलं, तुझ्याच माणसांना तू असं का म्हणतेस? तोरूने लगेच मान्य केलं, चुकलं, यापुढे हा शब्द वापरणार नाही. पुढे एका खटल्याची हकीकत कळवताना, इंग्रज न्यायाधीशाच्या लेखी हिंदी माणसाचा जीव किती स्वस्त आहे, हे ती चिडून लिहिते. धर्म बदललेल्या घरातली, युरोपात वाढलेली मुलगी म्हणजे साहेबाच्या बाजूची, असं धरून चालणाऱ्यांनी ही पत्रं वाचावीत.

१८७५ च्या अखेरीस तिने वडिलांसोबत संस्कृत शिकायला घेतलं. साधारण दहा महिने, तब्येत साथ देईपर्यंत. आता पेंढी बांधायची ती संस्कृतच्या शेतातली, असं तिच्या मनात होतं. विष्णुपुराणातल्या ध्रुवाची कथा तिने इंग्रजी कवितेत आणली. सावित्री, लक्ष्मण, प्रल्हाद, सीता यांच्यावर लिहिलं. हे सगळं लिहिताना तिची ख्रिस्तावरची निष्ठा तसूभरही ढळली नव्हती. अनेक अभ्यासकांना यात पेच दिसतो: ती मनाने खरी कुठली, ख्रिस्ती की हिंदू? मला वाटतं हा पेच आपला आहे, तिचा नव्हे. आईने गोष्टी सांगितल्या आणि त्याच आईने प्रार्थना शिकवली. मुलीने दोन्ही घेतलं. तिची सावित्री वाचताना तर हे अगदी उघड दिसतं. त्या जुन्या काळी बायका जनानखान्यात कोंडलेल्या नव्हत्या, सावित्री हवी तिथे मोकळी हिंडत होती, असं ती कवितेत मुद्दाम सांगते. घोडागाडीशिवाय बाहेर न पडू शकणाऱ्या मुलीने पुराणातून हीच गोष्ट नेमकी उचलावी, याला अभ्यासकाची निवड म्हणणं मला जमत नाही. ते तिचं रोजचं दुखणं होतं.

तिची सर्वांत गाजलेली कविता एका झाडावर आहे. ते झाड आपल्या चांगलं ओळखीचं, सुरूचं. कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याने घोंघावणारं. बागमारीच्या सुरूला एक जाडजूड वेल अजगरासारखा विळखा घालून वर गेला होता, लाल फुलांनी लगडलेला. सकाळी खिडकी उघडली की शेंड्यावर बसलेलं वानर दिसे. पण झाड तिला प्रिय होतं ते या शोभेसाठी नाही, त्याच्याखाली तिघं भावंडं खेळली होती म्हणून.

तिलाही क्षयाने गाठलं. १८७७ च्या जुलैअखेर मेरीला शेवटचं पत्र गेलं आणि ३० ऑगस्टला तोरू गेली. वय वर्षं एकवीस, महिने जवळपास सहा. माणिकतळ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत भावंडांजवळ तिला ठेवलं. मग तिच्या कागदांत वडिलांना एकेक हस्तलिखित सापडत गेलं. ‘बियांका’ ही इंग्रजी कादंबरी आठव्या प्रकरणात थांबलेली. पण फ्रेंचमधली ‘ल जूर्नाल द मादम्वाझेल दार्व्हेर’ पूर्ण. ती १८७९ मध्ये पॅरिसला छापली गेली. भारतीयाने फ्रेंचमध्ये लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते. काय आहे ती? मठातल्या शाळेतून घरी परतलेल्या एका मुलीची रोजनिशी, तिच्या पंधराव्या वाढदिवसापासून सुरू होणारी. देवावर विश्वास असलेली, आईवडिलांची लाडकी, मनातलं सगळं कागदावर उतरवणारी मुलगी. या कादंबरीची चित्रं अरूने काढायची असं बहिणींचं ठरलेलं होतं. ‘एन्शंट बॅलड्स अँड लेजंड्स ऑफ हिंदुस्तान’ हा पुराणकथांच्या कवितांचा संग्रह १८८२ मध्ये लंडनला निघाला, गॉसच्या प्रस्तावनेसह.

तोरू गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेली एक तरुणी कलकत्त्यात आली. आईबापाविना, भावासोबत पायी देश हिंडलेली, अस्खलित संस्कृत बोलणारी. कलकत्त्याने तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, आणि ख्रिस्ती लोकांशी तिची गाठ पडली तीही याच शहरात. रमाबाई आणि तोरू यांची भेट एका वर्षाने हुकली.

मेरी मार्टिनने मैत्रिणीची पत्रं जपून ठेवली. पन्नासच्या वर पत्रं, चाळीसहून अधिक वर्षं. हरिहर दास नावाच्या बंगाली अभ्यासकाने तोरूचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा तिने ती त्यांच्या हाती दिली आणि १९२१ मध्ये ऑक्सफर्डने ती चरित्रासोबत छापली. तोरूकडे जायचं असेल तर कविता थोड्या बाजूला ठेवा आणि आधी हे पुस्तक मिळवा. त्यातली मांजरींची, घोड्यांची पानंही गाळू नका.