कार्ड गेलंय म्हणे! पण खरंच गेलंय का?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली ‘अं... म्हणजे’ वगैरे काढून टाकली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग घरातूनच सुरू झालाय. माझी धाकटी बहीण अ‍ॅनिमेशन शिकते. शोरील जमा करायला दहा दिवस उरले होते आणि आमच्या पीसीने संप पुकारला. ब्लेंडरमध्ये रेंडर लावला की पाच-सात मिनिटांत स्क्रीन काळी व्हायची आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे मिक्सर लावल्यासारखे ओरडायला लागायचे. मग बटण दाबून बंद करण्याशिवाय पर्याय नाही.

दुकानात नेला. दहा मिनिटांत निकाल आला: “कार्ड उडालं. नवीन टाका, बावीस हजार.” आमचं कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, सेकंडहँड घेतलेलं, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्नच नाही. बाबा पतसंस्थेतून पैसे काढायची भाषा करायला लागले. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

स्क्रीन काळी होणं हे तापासारखं आहे. ताप आलाय हे कळतं, कशामुळे ते कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा, की बिघाड नेमका कधी दिसतो? चालू केल्या केल्या, विंडोज उघडल्यावर, की पीसीवर लोड आल्यावर?

चालू करताच डिस्प्ले येत नसेल, तर आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. हसू नका, हे मी स्वतः केलंय. केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली होती आणि आमचा प्रोसेसर आय५ १२४००एफ. त्या ‘एफ’चा अर्थच असा, की प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. केबल कार्डलाच लागली पाहिजे. ती बरोबर असेल तर पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि कार्ड काढून परत नीट बसवा. सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसली तरी चालते. जड कार्ड खाली झुकून स्लॉटमधून किंचित सुटतं, हे बऱ्याचदा होतं.

स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील तर बायोसमध्ये जा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. मग रेघा तिथेही दिसत असतील, तर ड्रायव्हर बिचारा निर्दोष. केबल आणि मॉनिटर बदलूनही त्या राहिल्या, तर कार्डची मेमरी किंवा चिप गेल्याची शक्यता मोठी. माझ्या एका मित्राचं असंच झालं होतं, कंपनीच्या लोगोवरच गुलाबी ठिपके. ते कार्ड खरंच गेलं होतं. आणखी एक सोपी युक्ती सांगतो. रेघा दिसताना स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर उघडून बघा. फोनवर चित्र स्वच्छ दिसलं तर केबल, मॉनिटर किंवा पोर्टवर संशय घ्या. रेघा फोटोतही असतील, तर गडबड आतच आहे.

आणि हो, कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि ज्यात केक करता त्या ओव्हनमध्ये त्याचा धूर कशाला?

आता आमची केस. बायोस अर्धा तास उघडा ठेवला, एकही ठिपका नाही. सिनेमा बघताना काही त्रास नाही. मग ड्रायव्हर. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर आपणहून रीसेट करतं. त्यामुळे बिघडलेल्या ड्रायव्हरनेही स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते. (विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की हाच रीसेट आपल्याला करता येतो.) मी सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने जुना ड्रायव्हर साफ काढला, नवीन टाकला. फरक शून्य. तापमान पाहिलं तर स्क्रीन जाताना ७१ अंश. या कार्डासाठी ते साधं आहे. तसंही कार्ड तापलं की आधी स्पीड कमी करतं, एकदम मान टाकत नाही.

मग मी आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट खाली ओढलं, म्हणजे कार्डाला कमी वीज खायला सांगितलं. आणि रेंडर चाळीस मिनिटं चालला! तिथे माझी ट्यूब पेटली.

कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं स्टिकर वाचलं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. पण त्या मोठ्या आकड्याकडे बघायचंच नाही. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही वीज घेतात १२ व्होल्टच्या लाइनवरून, आणि तिथे लिहिलं होतं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. आता खर्च बघा. कार्ड १२५ वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॉट पर्यंत. झाले २४२. पगार १९२ आणि खर्च २४२, महिना कसा निघणार? वर कार्डाला आठ पिनची वायर मिळावी म्हणून जुन्या चार पिनच्या दोन वायरींना कन्व्हर्टर जोडला होता. तो मीच जोडला होता, हे बाबांना सांगितलेलं नाही.

मग इतके दिवस चाललं कसं? कारण मी खेळायचो ते गेम दोघांनाही एकाच वेळी पूर्ण राबवत नव्हते. बहिणीने मात्र ब्लेंडरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही रेंडरला लावले होते. शिवाय स्वस्त एसएमपीएस जुना होत जातो तसा आणखी कमजोर होतो.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राचा एसएमपीएस एका रात्रीसाठी मागून आणला. इथे एक धोका आहे, नीट ऐका. वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर वायरीही त्याच्याच वापरायच्या. प्लग सारखा दिसला तरी आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते आणि पार्ट जळू शकतात. प्रोसेसरची आठ पिनची वायर कार्डाला लावायची नाही, तीही वेगळी असते. जोर लावून बसवावी लागत असेल तर थांबा.

त्या रात्री रेंडर लावून आम्ही झोपलो. सकाळी सहाला आई उठवायला आली, “अरे, ते अजून चालूच आहे.” एवढं गोड वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

नवीन ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस साडेचार हजारांत आला. दुकानदाराला मी शिव्या देणार नाही. पाच-सात मिनिटं रेंडर चालवून बघायला त्याच्याकडे वेळ नव्हता, समोर रांग होती. तुम्ही पीसी नेताना बिघाडाचा फोनवर व्हिडिओ काढून न्या, आणि “माझ्यासमोर दुसऱ्या पीसीत कार्ड लावून दाखवा” एवढं सांगा. कार्ड तिथेही कोसळलं तर ते गेलं, मग वाद नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्डाचे स्क्रू उघडू नका. बिल आणि सीरियल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा, बिलावरची शाई उडते.

शोरील मुदतीच्या दोन दिवस आधी गेलं. बहीण आता म्हणतेय, रॅम कमी पडतेय. त्याचा भाग नंतर कधीतरी.