शिक्षक येतात, टिकतात का?

२०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक या पेशातून बाहेर पडणाऱ्यांच्या जागी लागणार आहेत. म्हणूनच अभ्यासक आता ‘किती भरले’ याबरोबर ‘किती टिकले’ हेही विचारतात.

आपल्या पाड्यांवर हा प्रश्न रोजचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. एक जागा रिकामी राहिली की सगळ्या इयत्ता एकाच गुरुजींकडे येतात. ते बैठकीला गेले की शाळेला कुलूप. बाहेरून आलेल्या शिक्षकाला वारली बोली उमजू लागते, तोवर बदलीची वेळ येते.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात गेली. अनुताई तिथेच राहिल्या.

पाड्यातलीच मुलगी शिक्षिका झाली, तर तिला बोली शिकावी लागत नाही, खोली शोधावी लागत नाही. बारावीनंतर तिच्या डी.एल.एड.च्या शिक्षणाला दिलेला हात म्हणूनच पिढीभर पुरू शकतो.