फाशी मागावी की न्याय?

खैरलांजीचे नाव निघाले की आजही आपल्या वस्त्यांत एकच मागणी ऐकू येते : मारेकऱ्यांना फाशी द्या. त्या संतापाला कोण नावे ठेवील? पण फाशी आणि न्याय या दोन गोष्टी एकच आहेत काय, याचा विचार शांत डोक्याने व्हायला हवा.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुले रोशन व सुधीर या चौघांना जमावाने ठार मारले. कुटुंब बौद्ध. सुरेखाबाईंनी एका मारहाण प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती. त्यातील आरोपी जामिनावर सुटले, त्याच दिवशी हा घाला पडला. नागपूर, अमरावती, यवतमाळात लोक रस्त्यावर उतरले.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा आमच्या दर्यापुरातल्या एका म्हाताऱ्या मावशीने विचारले होते, "त्याहिले फाशी काऊन नाई?" आमच्या मते खरी जखम दुसरीच आहे. दोन्ही न्यायालयांनी अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लागू केले नाही. खून सुडाचे ठरले, जातीचे नाव निकालात आलेच नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले, ते हीच खंत घेऊन.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीची शिक्षाच रद्द करावी, असे मत मांडले. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो, हे त्यांचे कारण होते. तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले, हेही आपण वर्षावासात ऐकतोच. याचा अर्थ गुन्हेगाराला मोकळे सोडा असा नाही. जन्मभर तुरुंगात ठेवणे ही काही माफी नव्हे.

शिवाय फास कोणाच्या मानेभोवती पडतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार देशातील फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गरीब घरचे होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने कोपर्डी प्रकरणात तिघांना फाशी दिली. त्याच महिन्यात तिथेच खर्ड्याच्या नितीन आगे खून खटल्यातील आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले होते. साक्षच उभी राहिली नाही, तर कायद्यात फाशी असून काय उपयोग?

म्हणून बंधू-भगिनींनो, लढाई साक्षीदाराला जपण्याची आहे. २०१६ पासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दोन मोठे बदल झाले. पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे सिद्ध झाले तरी गंभीर गुन्ह्यात कलम लागते. कलम १५-अ नुसार पीडित व साक्षीदारांना संरक्षण मिळते, आरोपीच्या जामिनाची सूचना मिळते. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला घरात तयार ठेवा. फिर्याद लिहिताना कलम पडले की नाही ते वाचून घ्या, प्रत मागा. साक्ष देणाऱ्या बाईला कोर्टात एकटी पाठवू नका. वस्तीतले चार जण सोबत जा.

सुरेखाबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यामागे कोणी नव्हते. पुढच्या सुरेखाबाईंच्या मागे आपण असलो पाहिजे.