जुनी होडी दुरुस्तीला देताय? आधी कागद करा

मैत्रिणींनो,

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई... आपल्या कोळीवाड्यांत होडीवर पुरुष जातात, पण मासळी विकून गटाचा हप्ता फेडतो तो आपणच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत होडी तयार झाली नाही, तर हंगाम सुरू होऊनही ती किनाऱ्यावरच, आणि हप्ता मात्र चालू! म्हणून ठेका देण्याआधी एवढं बघाच.

घेण्याआधी
नवा रंग बघून भुलू नका. जाणत्या सुताराला सोबत न्या. तळाच्या फळ्यांवर टोच्या दाबून बघायचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. होडीवरचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि नोंदणीचा कागद जुळतो का, जुनं कर्ज बाकी आहे का, तेही विचारा. मत्स्यव्यवसाय विभागात होडी आपल्या नावावर करून घ्या.

ठरवताना
दोन-तीन ठिकाणी दर विचारा. लाकूडकाम, फायबर, इंजिन, रंग यांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. माल कोणाचा, जास्तीची फळी लागली तर दर काय, काम कधी संपणार, हे सगळं कागदावर हवं, दोघांच्या सहीने.

पैसे देताना
समजा, तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत. ठेका ८० हजारांच्या आतच बसवा. फळी उघडल्यावर आतली कूज कळते; २० हजार त्यासाठी राखा. ठेक्याचे पैसे टप्प्याने द्या:

- माल आल्यावर २० हजार
- लाकूडकाम झाल्यावर २५ हजार
- फायबर झाल्यावर २० हजार
- होडी पाण्यात तपासल्यावर १५ हजार

सगळ्यात महत्त्वाचं
फायबर चढवण्याआधी स्वतः जाऊन बघा, मोबाईलवर फोटो काढा. एकदा फायबर चढलं की आतलं काही दिसत नाही. ओल्या लाकडावर फायबर नीट धरत नाही, मग आत पाणी शिरून लाकूड कुजतं. म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं. पावसात करायची वेळ आलीच, तर वर ताडपत्री हवी आणि लाकूड सुकायला वेळ द्यायला हवा.

शेवटी होडी एक रात्र पाण्यात ठेवा. सकाळी तळ कोरडा असेल, इंजिन नीट चाललं, तरच शेवटचा हप्ता द्या. कारण या होडीवर आपलीच माणसं जाणार आहेत.

ठेक्याचा कागद सही करण्याआधी गटाच्या बैठकीत वाचून दाखवा, ताई. चार जणींच्या नजरेतून सुटत नाही काही!