पाच पेड, दोन हात

मुली फोनमधला फोटो घेऊन येतात. कुठल्याशा नटीच्या लग्नातली पाठीवर रुळणारी जाड, सैलसर वेणी आणि तिच्यात ठिकठिकाणी टोचलेली चिमुकली पांढरी फुलं. ताई फोटो मोठा करून नीट बघतात, ‘‘छान आहे हो’’ म्हणतात, फोन परत देतात आणि भलतंच काहीतरी विचारू लागतात. मुहूर्त कितीचा? हार कसले आहेत, निशिगंधाचे की गुलाबाचे? शालू बदलायला किती वेळ मिळणार? रात्री नाचणार आहेस का? मुलीला वाटतं, गप्पा चालल्यात. खरं तर वेणी इथेच ठरत असते.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लग्न करून डोंबिवलीत आल्या आणि पार्लरमध्ये काही वर्षं काढून आता मुख्यतः नवरीचे केस करतात. लग्नसराईत त्यांच्या परवानगीने मी वधूपक्षाच्या खोलीत एका कोपऱ्यात बसत असे. केशरचनेची पुस्तकं ‘लग्नासाठी’, ‘सणासाठी’, ‘ऑफिससाठी’ अशी प्रकरणं पाडतात. तिथे बसल्यावर ती वाटणी मला फारशी उपयोगाची वाटेनाशी झाली. वेणीला प्रसंगाचं नाव कळत नाही. तिला किती तास टिकायचंय, अंगावर किती भार घ्यायचाय आणि ज्या डोक्यावर ती आहे ते किती हलणार आहे, एवढ्या तीन गोष्टींवर तिचा जीव अवलंबून असतो.

केस आदल्या दिवशी धुवायचे, त्याच दिवशी नाही, ही ताईंची पहिली अट. नुकते धुतलेले केस निसरडे असतात, पिन धरत नाहीत. कंडिशनर लावला असेल तर ताईंच्या कपाळाला आठी पडते. मग त्या मुळाजवळ पावडर चोळतात आणि क्रिंपिंगच्या यंत्राने आतल्या केसांना बारीक नागमोडी करून घेतात. वरून हे दिसत नाही, पण आतला केस खरखरीत झाला की एक पेड दुसऱ्याला धरून ठेवतो. आपल्या आज्या चापूनचोपून तेल लावत, ते वेगळ्या कारणासाठी. तेलाने सुटे केस बसतात आणि तिपेडी वेणी दिवसभर गुळगुळीत राहते. पण त्या वेणीवर अर्धा किलो फुलं आणि जरीचा शेला नसायचा.

शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून डोक्याचे चार भाग होतात. कानापासून कानापर्यंत एक आडवी रेघ, कपाळापासून मानेपर्यंत एक उभी. टाळूवरच्या तीन बारीक बटांपासून सागरवेणी सुरू होते. कडेचा पेड मधल्यावरून टाकायचा आणि प्रत्येक वेळी त्या बाजूचे थोडे नवे केस त्यात मिसळून घ्यायचे. पेड वरून न टाकता खालून घेतले तर उलटी सागरवेणी होते. ती डोक्यात रुतून न बसता उठून दिसते, म्हणून विरळ केसांना ताई तीच घालतात. नवऱ्या मुलीला हे सांगत नाहीत. ‘‘तुला ही शोभेल’’ एवढंच म्हणतात.

माझं लक्ष त्यांच्या बोटांपेक्षा मनगटांकडे जायचं. टाळूजवळ ताण जास्त ठेवायचा, मानेपाशी येईतो तो कमी करायचा. सुरुवात सैल झाली तर सगळी वेणी तासाभरात खाली ओघळते. मात्र फार आवळली तर दुपारच्या जेवणापर्यंत मुलीचं डोकं ठणकू लागतं आणि मंगलाष्टकांच्या फोटोत भुवया विनाकारण वर चढलेल्या दिसतात. ‘‘मान सरळ ठेव गो. दुखतं तिथे बोट लाव,’’ ताई मधूनच म्हणतात. मुलगी बोट लावते. तिथली एकच पिन निघते, बाकी सगळं जागेवर.

पाचपेडी मला पाहून समजली नाही, विचारून समजली. एका हातात दोन पेड, दुसऱ्यात तीन. ज्या हातात तीन, त्याचा अगदी कडेचा पेड शेजारच्यावरून न्यायचा, पुढच्याच्या खालून काढायचा आणि दुसऱ्या हाताला द्यायचा. आता तीन पेड त्या हातात आले. मग त्याच्या कडेचा उचलायचा आणि तसाच परत पाठवायचा. वरून, खालून, दे. वरून, खालून, दे. ताई हे ओठांतल्या ओठांत म्हणतात. बोलता बोलता कोणी ‘‘डबा कुठे ठेवलाय?’’ विचारलं तरी ओठ थांबत नाहीत, हाताने खूण होते. तिपेडी वेणी गोल पडते, पाचपेडी पट्टीसारखी सपाट. ही सपाटीच कामाची असते, कारण तिच्यावर काही मांडता येतं. केतक, राखडी, सोन्याची फुलं असे जुने नग उलटे करून पाहिले तर मागे आकडा किंवा कडी दिसते. तो आकडा दोन पेडांच्या फटीत बसतो आणि गोल वेणीवरचा नग कलंडतो तसा इथे कलंडत नाही.

हे सगळं गणितात गेलेलं आहे, ही मला फार आवडणारी गोष्ट. एमिल आर्टिन या गणितज्ञाने जर्मनीत १९२५ च्या सुमारास वेण्यांचा सिद्धांत मांडला. पेड कितीही असोत आणि गुंफण कितीही गुंतागुंतीची असो, शेजारच्या दोन पेडांची अदलाबदल, वरून किंवा खालून, एवढ्या एकाच कृतीची माळ करून ती पूर्ण लिहिता येते. ताईंना मी हे सांगितलं. ‘‘मग काय, दुसरं असतं काय वेणीत?’’ त्या म्हणाल्या आणि पिना मागू लागल्या.

पिनांचे दोन डबे असतात. काळ्या चपट्या पिना केस दाबून धरतात, तर उघड्या तोंडाचे आकडे अंबाड्याचा भार तोलतात. चपटी पिन सरळ खोचली की निसटते, म्हणून ताई दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या घालतात. आकडा आधी उलट्या दिशेने थोडे केस पकडून मग वळवून आत दाबायचा. या वळवण्यावर सगळा खोपा उभा असतो. आता तयार खोपे मिळतात, दादरला किंवा पुण्यात तुळशीबागेत, पण रिकामा तयार खोपा नुसता टाचला तर मुंडावळ्यांच्या गाठीनेच हलतो. ताई आधी मुलीच्या स्वतःच्या केसांची बारीक वेणी घालतात, तिची चकली करून टाचतात आणि खोपा त्या चकलीवर बसवतात. आत पाया वेणीचाच.

केस कमी असले की गंगावन. नायलॉनचं गंगावन चमकतं आणि घसरतं. कॅमेऱ्याच्या दिव्याखाली मुलीचे केस एका रंगाचे आणि वेणीचं टोक दुसऱ्याच रंगाचं दिसतं. खऱ्या केसांचं महाग असतं. तिरुपतीला भाविक केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं. ते केस विग नि गंगावनांसाठी जगभर जातात. आमच्या लहानपणी विंचरताना गळलेल्या केसांचे गुंतवळ डबीत साठवत. त्यांच्यावर भांडी देणाऱ्या बायका दारावर येत, तेव्हा या केसांचं पुढे काय होत असेल याचा विचार कोणी करत नसे. गंगावन लावायचं ते पेडांच्या आत, मानेपाशी. त्याची दोरी आधी एका छोट्या गाठीभोवती पक्की करायची आणि मग तिन्ही पेडांत वाटून टाकायची. टोकाशी जोडलं तर पहिल्याच नमस्काराला वेणीचा तो भाग हातात येतो.

फुलांबद्दल ताई हट्टी आहेत, आणि मला वाटतं त्या बरोबर आहेत. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. रिसेप्शनला मोगरा उत्तम, पण वैशाखातल्या दुपारच्या मुहूर्ताला गच्च मोगरा माळला तर पंगत बसेपर्यंत पाकळ्यांच्या कडा तांबूस होतात. दिवसाच्या लग्नाला त्या अबोली सुचवतात. अबोलीला वास नाही, म्हणून मुली नाक मुरडतात. पण ती वजनाला हलकी आहे आणि दोन दिवस मान टाकत नाही. कोकणात आणि गोव्यात बायका ती इतकी का माळतात ते घामाच्या दिवसांत कळतं. शेवंतीची वेणी दिसायला राजेशाही, पण जड. ती घालायची तर खाली पाचपेडीच हवी, नाहीतर मागची मान ओढली जाते. आणि सुरंगी! सिंधुदुर्गात फाल्गुन-चैत्रात सुरंगीच्या फुलांचे पिवळसर वळेसर गुंफतात, आणि एस.टी.त एखादीने माळला असेल तर गाडीभर वास दरवळतो. वैशाखातल्या लग्नाला ती मिळत नाही, याचं ताईंना दर वर्षी नव्याने वाईट वाटतं. ‘‘माझ्या लग्नात वळेसर होतो,’’ त्या म्हणाल्या. एरवी डोंबिवलीची भाषा बोलणाऱ्या बाई एका शब्दात गावी जाऊन आल्या.

डोहाळजेवणाला मात्र त्या वासाची फुलं आधी विचारून लावतात. पोटुशीला मोगऱ्याने मळमळू शकतं. शिवाय तिला फुलांची वाडी लेवून तासभर ओटी भरून घ्यायची असते, म्हणून वेणी सैल आणि खांद्यावरून पुढे घेतलेली. पाठ टेकता आली पाहिजे.

लग्नाच्या वेणीचे वैरी ठरलेले असतात. पहिला हार. त्याच्या जरीच्या तारा मागच्या केसांत अडकतात, म्हणून मानेवर एकही बट सुटी ठेवायची नाही, फोटोत ती कितीही नाजूक दिसत असली तरी. दुसऱ्या अक्षता. सध्या पेड दोन्ही बाजूंनी ओढून वेणी फुलवायची फॅशन आहे. तशी वेणी जाड दिसते खरी, पण तिच्या प्रत्येक कप्प्यात अक्षता जाऊन बसतात. ओल्या कुंकवाने रंगवलेल्या असल्या तर मोगऱ्यावर लाल ठिपकेही उमटतात. ताईंचा तोडगा साधा आहे. मंगलाष्टकांना वेणी घट्ट ठेवायची आणि तिचे पेड अक्षता पडून गेल्यावर, रिसेप्शनच्या आधी ओढायचे. तेवढ्याने वेणी नवी दिसते, पुन्हा घालावी लागत नाही. तिसरा प्रसंग मंगळसूत्राचा. गुरुजी घाईत, नवऱ्या मुलाचे हात थरथरतात, आणि लांब वेणी नेमकी गाठीच्या जागी. करवलीला आधीच बजावलेलं असतं की तू मागे उभी राहून वेणी पुढे घे. होमाच्या धुराचं मात्र काही करता येत नाही. सगळ्या केसांना तुपाचा नि समिधांचा वास लागतो आणि तो दोन धुण्यांनी जातो.

मंगळागौरीला सगळे नियम उलटतात. तिथे बघणारे कमी आणि हलणारी डोकी जास्त. पिंग्याला कमरेत वाकून मान फिरवायची, फुगडीला सगळं शरीर मागे झुकतं. फुगडीत सुटी लांब वेणी शेजारणीच्या तोंडावर सपकन बसते, हे ज्यांनी सोसलंय त्यांना ठाऊक. म्हणून वेणी घालून ती दुमडायची, टोक मुळाशी नेऊन टाचायचं आणि वरून गजरा नुसता टोचायचा नाही, दोऱ्याने बांधायचा. पिना एरवीच्या दुप्पट. लावणी नाचणाऱ्या बायकांचा अंबाडा यापेक्षाही पक्का असतो. रोजच्या त्या ताणाने कपाळाच्या कडेचे केस मागे हटत गेलेल्या नर्तकी मी पाहिल्या आहेत. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. लवकर सैल सोडलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळंच मरतात. एका दिवसाच्या नवरीला ती भीती नाही.

शाळेच्या दोन वेण्यांबद्दल सौंदर्याच्या अंगाने कोणी लिहीत नाही. कानामागून निघालेल्या, दुमडून वर बांधलेल्या, लाल रिबिनीचं फूल असलेल्या त्या वेण्या म्हणजे माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना. मैदान, पी.टी., बाकावरची मारामारी, शेजारणीच्या डोक्यातल्या उवा, सगळ्याचा बंदोबस्त, आणि घालायला लागतात पाच मिनिटं, तीही एका हातात पोळीचं लाटणं असताना.

लग्न उरकल्यावर वेणी उतरवणं हेही कामच, आणि ते बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री दमलेली मुलगी गजरा ओढायला जाते आणि केस तुटतात. म्हणून ताई थांबतात. आधी फुलं कापून काढायची, ओढायची नाहीत. मग पिना, आणि त्या मोजायच्या, घातल्या तेवढ्या निघाल्या पाहिजेत. एखादी राहिली तर ती रात्री उशीवर सापडते, तीही टोकाच्या बाजूने. स्प्रेने कडक झालेल्या केसांना हाताने तेल लावायचं, वेणी टोकाकडून सोडायची आणि कंगवाही टोकाकडून सुरू करून हळूहळू वर न्यायचा. तांदूळ सतरंजीवर टपटप पडत राहतात.

या सगळ्याचे पैसे ठरलेले असतात आणि त्यात नवरीची आई धरलेली असते. आत्या, मामी, मावशी धरलेल्या नसतात. पण ताई पेटी उघडतात तेव्हा एक तरी आत्या शेजारी येऊन बसते, आपली विरळ वेणी पुढे घेते आणि म्हणते, ‘‘माझं काही विशेष नाही हो, एक नुसता खोपा घाला.’’ ताई हसून दर सांगतात. आत्या थोडा वेळ गप्प बसते. मग पर्स उघडते.