दोन लाख पिल्लं सोडली, मग मासे गेले कुठे?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो आणि मागे रिक्षा वाजल्या ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मासे. खाण्याबद्दल नाही, म्हणजे थोडं खाण्याबद्दलही आहे, पण मुख्य प्रश्न हा की तलावात मासे येतात कुठून.

माझा एक शाळेतला मित्र साक्री तालुक्यातला. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे आबाच म्हणतो. आबा गावच्या मच्छीमार सोसायटीत आहेत. गावाजवळ एक छोटा तलाव आहे, सोसायटीने तो ठेक्याने घेतलाय. दरवर्षी पावसाळ्यात ते माशांची पिल्लं विकत आणून सोडतात. गेल्या दिवाळीत मी घरी आलो तेव्हा आबांनी वही पुढे केली. दोन लाख पिल्लं सोडल्याची नोंद. आणि त्याच वहीत पुढे वर्षभरात विकलेला मासा, तो इतका कमी की मला वाटलं एखादं पान फाटलंय.

"भाऊ, तुन्हा कॉम्प्युटर काय म्हनस?" आबांनी विचारलं.

माझ्या कॉम्प्युटरला माशातलं काही कळत नव्हतं. मलाही नाही. मी पुण्यात बसून पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. पण हिशोब चुकतोय एवढं दिसत होतं, आणि सोसायटीतल्या घरांचे वर्षाचे पैसे त्यात अडकलेले. म्हणून वाचायला लागलो. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, जी मला स्वतःला अठ्ठावीस वर्षं माहीत नव्हती. बाजारात आपण जे कटला, रोहू, मृगळ घेतो ते तलावात पिल्लं देत नाहीत. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, वाहत्या पाण्याचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी काठावरच्या सपाट जमिनीत पसरतं, तेव्हा ते विणतात. साचलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडतच नाहीत. मोठ्या धरणात वरून नदीचा लोंढा येत असेल तर कधीमधी जमून जातं. गावच्या छोट्या तलावात मात्र जवळपास नाहीच. म्हणजे तलाव दरवर्षी शून्यावरून सुरू होतो. सोडाल तर मासा, नाही सोडलं तर नाही.

पूर्वी ही पिल्लं नद्यांतूनच गोळा करावी लागायची, बंगालकडून देशभर जायची. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात विणायला लावलं. आज १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिवस असतो तो यामुळे. आता हॅचरीत इंजेक्शन द्यायचं, आणि रात्रीतून अंडी. एक किलोची मादी लाखाहून जास्त अंडी देते. त्यामुळे 'लाख' हा आकडा माशांच्या धंद्यात फार स्वस्त आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पिल्लू म्हणजे नेमकं केवढं? इथेच आबांच्या वहीतली गोम सापडली. मराठीत याला सुंदर शब्द आहेत. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं, पाऊण-एक सेंटिमीटरचं, ते मत्स्यजिरे. खरंच जिऱ्याएवढं असतं. दोन-तीन आठवडे वाढवलं की दोन-अडीच सेंटिमीटरचं मत्स्यबीज. आणि आणखी दोन-तीन महिने सांभाळलं की बोटाएवढं, ती बोटुकली. हॅचरीच्या चांगल्या, राखलेल्या टाकीतसुद्धा जिऱ्यापासून बीज होईपर्यंत निम्म्याहून जास्त मरतात. बीजापासून बोटुकली होताना परत बरेच जातात. आणि ही टाकी कशी? मोठे मासे नाहीत, पाणकिडे काढलेले, खायला वेळेवर.

आबांनी सोडलं होतं ते मत्स्यबीज. थेट तलावात. तिथे मरळ आहे, वाम आहे, काठावर पाणकावळे बसलेत. धुळ्यात राहत असाल तर नकाणे तलावावर सकाळी फिरायला गेल्यावर पाणकावळा बघितला असेल, पंख पसरून वाळवत बसलेला. तो तिथे योगा करत नसतो, त्याचा नाश्ता झालेला असतो. दोन सेंटिमीटरचं बीज मरळीसाठी म्हणजे फुटाणे. बोटभर लांबीचा मासा निदान पळू तरी शकतो. म्हणून संशोधन संस्था जलाशयासाठी दहा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी बोटुकली सोडा असं सांगतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर ॲप किती जणांनी डाऊनलोड केलं हा आकडा पोस्टरवर छापायला बरा. दुसऱ्या महिन्यात ते उघडतात किती, त्यावर कंपनी चालते. 'दोन लाख सोडले' हा डाऊनलोडचा आकडा आहे.

त्यात मोजणीचा घोळ. लाख पिल्लं कोणी एक-एक मोजत नाही. एका पेल्यात किती बसतात ते एकदा मोजतात आणि मग पेले मोजतात. पद्धत चुकीची नाही. पण पहिला पेला गच्च भरलेला आणि नंतरचे निम्मे पाण्याचे असतील तर? आबांच्या सोसायटीला एका वर्षी असाच एक पुरवठादार भेटला. पिशव्या उघडल्यावर निम्मा माल मेलेला, आणि जिवंत निम्म्याचीही मोजदाद कोणी केली नाही. गाडीवाल्याला परत जायची घाई होती. मी म्हटलं, आबा, अधूनमधून कुठलेही तीन पेले तुम्ही स्वतः मोजा. एवढं केलं तरी समोरचा सावध होतो.

आता माझा आवडता भाग, गणित. हेडफोन काढू नका, पाचवीचं गणित आहे. आकडे समजायला सोपे करून घेतलेत.

समजा तलाव भरल्यावर ६० हेक्टर पसरतो आणि मे महिन्यात २० वर येतो. सरासरी ४० धरू. आपल्या देशातल्या छोट्या जलाशयांचं, म्हणजे हजार हेक्टरच्या आतल्यांचं, सरासरी मत्स्योत्पादन हेक्टरी ५० किलोच्या आसपास. हा आकडा व्ही. व्ही. सुगुणन यांच्या १९९५च्या अहवालातला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तो छापला होता. जुना आहे, पण अंदाज बांधायला चालतो. चाळीस गुणिले पन्नास, दोन हजार किलो. वर्षभरात हा तलाव एवढा मासा पोसू शकतो, कारण आपण वरून खाद्य टाकत नाही. पाण्यात जे शेवाळ, प्लवंग, तळातला गाळ आहे त्यावरच सगळं.

आता दोन लाख पिल्लं सोडली आणि चमत्कार होऊन सगळी जगली असं धरा. दोन हजार किलो भागिले दोन लाख. एका माशाच्या वाट्याला दहा ग्रॅम. दहा ग्रॅमचा मासा कोण घेणार?

मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे मेले ते बरंच झालं की काय.

उलट बाजूने या. विकायला ८०० ग्रॅमचा मासा हवा. दोन हजार किलो म्हणजे अडीच हजार मासे. दहा सेंटिमीटरची बोटुकली सोडली आणि त्यातली चौथा हिस्सा शेवटी जाळ्यात आली असं धरलं, तर सोडायच्या फक्त दहा हजार. हेक्टरी अडीचशे. चौथा हिस्सा हे मी धरलंय. सोसायटीने दोन वर्षं नीट वही ठेवली की खरा आकडा हातात येईल.

माझं गणित मला पण संशयास्पद वाटलं, म्हणून शोधलं. तर त्याच अहवालात तमिळनाडूतल्या आळियार धरणाची गोष्ट सापडली. कोइंबतूर जिल्ह्यात, पोल्लाचीकडे, साधारण साडेसहाशे हेक्टरचा जलाशय. तिथे आधी हेक्टरी पाचशेपासून अडीच हजारापर्यंत, मनाला येईल तशी पिल्लं सोडत. मग त्यांनी संख्या कमी करून २३५ ते ३०० वर आणली, आकार दहा सेंटिमीटरच्या वर नेला, जाळ्याच्या आसाचा नियम पाळला आणि एक किलोच्या आतला कटला-रोहू धरायला बंदी केली. १९८५ मध्ये उत्पादन हेक्टरी १९४ किलोवर गेलं. देशाच्या सरासरीच्या जवळपास चौपट! पिल्लं कमी, मासा जास्त. तो आकडा वाचला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी मित्राला फोन लावला. त्याने जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

पण आळियार काही साक्री नाही. आपला प्रॉब्लेम पाणी. धुळे जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पांझरेवर फड पद्धतीचे दगडी बंधारे शेकडो वर्षांपूर्वी बांधले गेले ते उगाच नाही. इथे पाणी सांभाळूनच वापरावं लागतं. तलावाचं पाणी आधी पिण्याला, मग शेतीला. मासा यादीत शेवटी, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तलाव डबक्यासारखा होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमध्ये साधारण नऊ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना सातच्या आत. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, म्हणून सर्वात वाईट वेळ पहाटेची. मासे पृष्ठभागावर तोंड काढून भपभप करताना दिसले तर ते खेळत नाहीत, गुदमरतात.

गंमत म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत मिनेसोटाच्या छोट्या उथळ तलावांत हेच थंडीमुळे होतं. वर बर्फ गोठतो, त्यावर हिम साचतं, उजेड आत जात नाही, पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत आणि मासे बर्फाखाली गुदमरून मरतात. तिथेही लोक बाहेरून पिल्लं आणून सोडतात. तिथे काळजी फेब्रुवारीची, इथे मे महिन्याची.

तर आपल्याकडे याचा अर्थ असा की मासा फेब्रुवारी-मार्चपासून काढायला लागायचं, पाणी उतरायच्या आत. आणि डिसेंबरात बारीक आसाचं तंगूस जाळं लावून पाव किलोचे कटले काढायचे नाहीत. आता इथे मला पुरवठादाराइतकाच दोष सोसायटीला द्यावासा वाटतो. आबांसमोर हे बोललोय, म्हणून इथेही बोलतो. ट्यूबवर बसून थंडीत जाळं टाकणाऱ्या माणसाला आज घरात पैसे हवे असतात, ते मला कळतं. पण तो पाव किलोचा मासा मार्चमध्ये तिप्पट झाला असता.

दुसरी गळती सांडव्यावरून. जुलैत पिल्लं सोडली आणि ऑगस्टमध्ये तलाव भरून वाहिला की कटला-रोहू प्रवाहाकडे ओढले जातात. तो त्यांचा स्वभावच. आबांची एक ओळ मी लिहून ठेवलीय, "पानी उनं अन् मासा गया." सांडव्याला जाळी बसवायला फार खर्च नाही, पण काडीकचरा अडकून ती तुंबते, म्हणून माणूस ठेवावा लागतो. तिथे गाडं अडतं.

आणि चिलापी. कोणी विचारेल म्हणून सांगतो. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, आपल्या देशात १९५२ मध्ये आणली. हिला ना इंजेक्शन लागतं ना पूर. साचलेल्या पाण्यात विणते, मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. म्हणून ती मरत नाही, पण गर्दी इतकी होते की सगळी तळहाताएवढीच राहतात, आणि कटला-रोहूच्या पिल्लांचं खाणंही तीच खाते. आबांच्या जाळ्यात हल्ली निम्म्याहून जास्त तीच येते. एकदा शिरली की तलाव पूर्ण आटल्याशिवाय जात नाही. मला तळलेली चिलापी आवडते, हे जाता जाता कबूल करतो.

मग ठरलं काय? जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. मी व्हिडिओ कॉलवर होतो, नेटवर्कने दोनदा दगा दिला. मी म्हटलं, बीजाची संख्या एकदम खाली आणा आणि त्याच पैशात काठाला एक छोटं शेततळं भाड्याने घ्या. बीज दोन महिने तिथे वाढवा, बोटुकली झाली की सप्टेंबरात तलावात सोडा. पाऊस ओसरलेला असतो, सांडव्याचा धोकाही कमी. एका सदस्याने विचारलं, वहीत दोन लाखांच्या जागी दहा हजार लिहिले तर लोक काय म्हणतील? प्रश्न हसण्यासारखा नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला तेवढा एकच आकडा दिसतो.

शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली. निम्म्या पैशांचं बीज नेहमीसारखं थेट तलावात, निम्मं शेततळ्यात. शेततळ्यातल्या पिल्लांच्या शेपटीवरच्या पंखाचं टोक थोडं कापून सोडू, म्हणजे मार्चमध्ये जाळ्यात कोणती आली ते कळेल, असं मी सुचवलं होतं. पण तो पंख परत उगवतो, सहा महिन्यांनी खूण राहीलच असं नाही. वर, दहा हजार पिल्लांचे पंख कापत कोण बसणार, असं आबांनी विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यामुळे सध्या आकारावरून ओळखायचं ठरलंय.

शेततळं मिळालंय. तळाला एक पाणसाप निघाला, त्याला आधी बाहेर काढायचंय. बीजाची गाडी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, त्या दिवशी मी सुट्टी टाकलीय. पेले मोजायला.