दावा लावावयाचा कोठे?

यवतमाळकरांचा दिवाणी कोर्टाशी संबंध येतो तो बहुधा धुऱ्याच्या तंट्यावरून. प्रतिवादी धुऱ्यापलीकडचा, जमीन इथलीच. तेव्हा दावा कोणत्या गावी लावावा हा प्रश्नच पडत नाही. कंपनीशी तंटा झाला म्हणजे मात्र तोच पहिला प्रश्न असतो. बियाणे वणीच्या दुकानातून घेतले, कारखाना परप्रांतात, मुख्य कचेरी मुंबईस. मग हा प्रतिवादी राहतो कोठे? युनियनच्या कामात आम्हांला हे वारंवार विचारले जाते, म्हणून त्याचा उलगडा करू.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे विसावे कलम सांगते की, प्रतिवादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथे दावा लावता येतो. शिवाय दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथेही. करार झाला, माल मिळाला, नुकसान झाले, अशा ज्या घटनांवर आपला हक्क उभा राहतो, त्यांनाच दाव्याचे कारण म्हणतात. कंपनीचा धंदा तिच्या मुख्य कचेरीच्या गावी चालतो असे कायदा मानतो. पण जेथे तिची शाखा आहे तेथेच कारण घडले, तर त्या शाखेच्या गावी मानतो. शरीराला इजा झाली असेल तर एकोणिसावे कलम पाहावे. इजा एका गावी आणि प्रतिवादी दुसऱ्या गावी असल्यास, दोहोंपैकी कोठे जावे हे वादीने ठरवावयाचे.

कंपन्यांना हे चांगले ठाऊक असते. म्हणून पावतीवर बारीक अक्षरांत छापलेले असते की, वाद फक्त मुंबईच्या कोर्टात चालेल. ही ओळ सदैव बंधनकारक असते काय? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हाकम सिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात सांगितले की, दोन कोर्टांना अधिकार असेल तर करारात त्यांपैकी एक निवडता येते. मुळात अधिकारच नसलेल्या कोर्टाला मात्र तो करार करून देता येत नाही. १९९१ साली पटेल रोडवेजच्या खटल्यात याचा प्रत्यय आला. माल तमिळनाडूतील शाखेत दिलेला होता, पावतीवर मुंबईचे नाव होते. न्यायालयाने ठरविले की, कारण शाखेच्या गावी घडले असल्याने केवळ मुख्य कचेरी मुंबईस आहे म्हणून तेथील कोर्टाला अधिकार येत नाही.

नोकरदारांनी मात्र सावध असावे. पाटणा व दिल्ली येथील बँक नोकरांच्या प्रकरणांत, नेमणुकीच्या करारातील 'फक्त मुंबई' ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरविली.

उलट, दुर्बळाला कोर्ट जवळ आणून देणारे कायदेही झाले. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात १९९५ साली दुरुस्ती होऊन, अर्जदार राहतो तेथेही अर्ज करण्याची सोय झाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करण्याचा हक्क दिला.

आणि कंपनी परदेशी असली तर? २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसांहून अधिक माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. पुढे मृतांपैकी दोघांच्या पत्नी व एक बचावलेला शेतकरी यांनी 'पोलो' या औषधाबाबत सिंजेंटा कंपनीवर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे दिवाणी दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. दाव्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. मुद्दा एवढाच की, कंपनीची मुख्य कचेरी बाझेलला, म्हणून तेथील कोर्टाचे दार ठोठावता आले. भोपाळच्या पीडितांना हे साधले नव्हते. त्यांचे दावे न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९८६ साली भारतात चालवावेत म्हणून काढून टाकले होते.

बाझेलला जाण्यास परदेशी संस्थांचे पाठबळ लागले. ते सर्वांना कोठून मिळणार? म्हणून घरचे कोर्ट हातचे जाऊ देऊ नये. सही करण्याआधी बारीक अक्षरांतली ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी. दुकानाची पक्की पावती मागून घ्यावी, औषधाचा रिकामा डबा जपावा. माल कोठे घेतला आणि नुकसान कोठे झाले, हे दाखविणारा पुरावा तोच. शिवाय मुदत पाहावी; ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षेच मिळतात.